लाल शाईतला पत्ता

विद्यापीठाच्या टपाल शाखेच्या खिडकीतून एके दुपारी एक लिफाफा आत सरकला. त्यावरचे तीन पत्ते लाल शाईने खोडलेले होते.

"हे लाल अक्षर तुमचंच ना?" बाहेरून आवाज आला.

बन्सीधरने मान वर केली. शेवटच्या वर्षाची मुलगी होती. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, तरी हातातली छत्री मिटलेलीच.

"माझंच."

"मामानं पत्ता पार चुकवला होता. तरी पत्र मला भेटलं."

"पत्ता नीट कळवायचा असतो. हे कार्ड भरा."

"भरल्यावर काय मिळतंय?"

"पत्र."

ती खुदकन हसली. यात हसण्यासारखं काय होतं, ते बन्सीधरला कळेना. खोली बदललेल्यांची, गावी गेलेल्यांची पत्रं पुढे पाठवायची, एकही परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक.

तिने कार्ड भरलं. कुसुम दत्तराव, गाव सोनपेठ, खोली बारा. पुढच्या सोमवारी ती परत आली. आता खोली एकोणीस. मग सात.

"महिन्यात तिसरी खोली?"

"पोरी लय घोरायल्यात."

"सगळ्याच?"

"तुमी येऊन ऐकता का?"

त्याचे कान तापले. ती मात्र खिडकीशीच रेंगाळली.

"तुमची पत्रं कुठं येत्यात?"

"मानवतला. मोंढ्यामागं. आईच्या नावानं, धुरपताबाई."

"कोण लिहितंय तुमाला?"

"कुणीच न्हाई."

"मग एवढा चांगला पत्ता वायाच चाललाय की…"

दोन दिवसांनी वसतिगृहाच्या रेक्टर सुमनबाई टपालाची पिशवी न्यायला आल्या. "कुसुम?" त्या म्हणाल्या, "ती तर तीन वर्षं बारा नंबरातच हाय."

बन्सीधरने तिन्ही कार्डं टेबलावर मांडली. दिवसभर तो त्यांच्याकडे बघत राहिला. खोली बदलली नाही, तर ही पोरगी कार्ड भरायला येते कशाला?

परीक्षा संपली. जाताना तिने शेवटचं कार्ड खिडकीतून सरकवलं आणि मागे न बघता निघून गेली. कार्डावर लिहिलं होतं — यापुढील पत्ता : द्वारा धुरपताबाई, मोंढ्यामागे, मानवत.

थट्टाच असणार. ती शेतकीची पदवीधर, आपण मॅट्रिक झालेला कारकून. त्याने लाल पेन उघडला, मानवत खोडलं आणि सोनपेठ लिहिलं.

पंधरा दिवसांनी त्याच्याच नावाचं पोस्टकार्ड आलं.

'मामाचं पत्र इथं सोनपेठला आलं. म्हणजे माझं कार्ड तुम्ही खोडलं. मी ते चुकून लिहिलं नव्हतं. रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. — कुसुम'

त्याने ते तीनदा वाचलं. शनिवारी अर्धा दिवस भरून सोनपेठला निघाला. नामांतराच्या बंदमुळे एसटी पाथरीलाच थांबली. पुढे जीप, मग पायी.

कुसुमचे वडील दत्तराव ओट्यावर बसले होते. "कोण पाहिजे?"

"विद्यापीठातून आलो. टपाल शाखा. एका कार्डात… दुरुस्ती हाय."

"त्याच्यापायी एवढ्या लांब आलाव?"

आवाज ऐकून कुसुम दारात आली. डोळे सुजलेले, तरी बोलणं तेच. "लाल पेन आणलाय का?"

त्याने खिसे चाचपले. पेन टेबलावरच राहिला होता.

"न्हाई…"

"मग?"

"तोंडीच सांगतो. चूक माझी हाय. मानवतचाच पत्ता बरोबर होता… तुमी हो म्हणलाव तर."

दत्तरावांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. "कशाचा पत्ता? मला कुणी सांगंल का?"

"बाबा," कुसुम म्हणाली, "उद्याच्या पाहुण्यांना कळवून टाका. माझा पत्ता बदललाय."

मानवतला तिच्या नावाची पत्रं पुढं सव्वीस वर्षं येत राहिली. ती गेली, तरी अजूनही एखादं येतं. बन्सीधर लाल पेन उघडतो आणि तसाच बसून राहतो… पुढचा पत्ता तिने कळवलेला नाही.