डांबरचा पहिला घास

जीप काही केल्या सुरू होत नव्हती.

शेलूबाजारच्या चौकात ती अर्ध्या तासापासून उभी होती. आत अकरा माणसं, पिशवीत कोंबलेल्या दोन कोंबड्या आणि मागच्या फळीवर, मांडीवर लसींचा थंड डबा सांभाळत बसलेली उज्ज्वला राठोड. ती आपल्या तांड्याची पशुसखी होती. शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणं हे तिचं काम. डब्यातला बर्फ वितळायच्या आत तिला घरी पोचायचं होतं.

तेवढ्यात एक तरुण जीपजवळ आला. त्याच्यामागे एक कुत्रा – काळाकुळकुळीत, नव्या रस्त्यासारखा चकाकणारा.

"कुत्र्याले जागा नाई," ड्रायव्हर म्हणाला.

"मानसाले तरी कुठं हाये?" तरुण शांतपणे म्हणाला. "गाडी चालू करून देतो. मंग दोघाले घेता का?"

त्यानं बॉनेट उचललं, आत डोकं घातलं, एक वायर शर्टाच्या टोकानं पुसून घट्ट बसवली आणि म्हणाला, "मारा." जीप खोकली, थरथरली... आणि सुरू झाली.

अशा रीतीनं कुत्रा उज्ज्वलाच्या पायाशी येऊन बसला. मालक मागच्या पायरीवर लटकला. आता त्याचं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. कुठं बघावं ते दोघांनाही कळेना, म्हणून दोघं कुत्र्याकडे बघू लागले.

"चावते का?" तिनं विचारलं.

"तुमाले नाई चावनार. त्याले मानसं समजते."

"आन तुमाले?"

"मले गाड्या समजते."

उज्ज्वलानं तोंड बाहेर वळवलं. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून.

"नाव काय?"

"किशन पवार."

"कुत्र्याचं इचारलं."

"मंग तसं म्हना नं... डांबर." तो जरा पुढं वाकला. "आमी मंगरूळपीरकडचे. आमची टोळी ऊस तोडाले चालली, पाच महिने. मांगं घरी कोनी राह्यत नाई. इकडं एक म्हातारी हाये म्हनते, कुत्रे सांभाळते. मालूम हाये का तुमाले?"

उज्ज्वलानं डब्यावरचं पाणी ओढणीनं पुसलं. "हाये. पन लय खडूस हाये. आधी मालकाची परीक्षा घेते."

"कशी?"

"कुत्रं कशाले भेते, कुठं झोपते, असं इचारते."

"फटाक्याले भेते. झोपते माह्या चपलेवर. मी बाहेर गेलो का चपलेवर हनुवटी ठेवून रस्ता पाह्यत राह्यते." त्यानं जीपची दांडी घट्ट धरली. "पास झालो का मी?"

"निकाल तांड्यावर."

तांड्यावर जीप थांबली, तशी शेजारची रामीबाई ओरडली, "उज्ज्वला, आनली का व लस? आन हा कोनाचा कुत्रा आनला आजून?"

किशन पायरीवरच थबकला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी तुमाले म्हातारी म्हनलो..."

"आन मी मले खडूस म्हनली. फिट्टमफाट." ती खाली उतरली. "आना तुमचा डांबर."

*

दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. दाराला कुलपं लागतात. म्हातारी माणसं राहतात, आणि कुत्री राहतात.

उज्ज्वला नऊ वर्षांची असताना आई-बाबांबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्यांचा वाघ्या ट्रकमागे धावत सुटला. शेलूबाजारच्या चौकापर्यंत तो तिला दिसत होता, मग दिसेनासा झाला. पाच महिन्यांनी ती परतली तेव्हा वाघ्या कुठंच नव्हता. तांड्यात हे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी व्हायचं. लोक सवयीनं कुत्र्याला दोरीनं बांधून निघून जायचे. म्हातारे दया येऊन दोरी सोडायचे. आणि कुत्रं सरळ रस्त्याला लागायचं.

म्हणून यंदा उज्ज्वलानं एक वही केली होती. प्रत्येक कुत्र्याला एक म्हातारं माणूस ठरवलं होतं. निघण्याच्या आठ दिवस आधीच कुत्र्यानं त्या घरी जेवायला लागायचं. मालकाचं एक जुनं कापड तिथं ठेवायचं. दोरी बांधायची नाही. वहीत कुत्र्याचं नाव, सवयी, आणि शेवटच्या रकान्यात – 'परत कधी नेणार?'

शेलूबाजारचे किराणा दुकानदार पदमचंदजी यांनी दर महिन्याला ज्वारीचं एक पोतं कबूल केलं. "ही जीवदया आहे, बेटा," ते म्हणाले. आणि मग हळूच विचारलं, "आम्ही वीस दिवस शिखरजीच्या यात्रेला चाललो. आमची रूबी ठेवशील का?"

पांढरीशुभ्र रूबी रामीबाईकडे आली. तिला कांदा-लसूण चालत नव्हता, आणि जेवण सूर्य मावळायच्या आधी. रामीबाईनं कपाळाला हात लावला. "हे कुत्रं नाई बाप्पा. हा जावई हाये."

रूबी धरून तेवीस कुत्री झाली. तेविसावा... खरं तर वहीत पहिला लिहिलेला... डांबर. तो उज्ज्वलाच्याच अंगणात राहणार होता.

आठ दिवस किशन रोज आला. कुत्र्याला सवय व्हावी म्हणून. रोज येताना काहीतरी दुरुस्त करून जायचा – कधी रामीबाईची शेगडी, कधी हातपंप. उज्ज्वलाची आई हिरीबाई गुडघे चोळत म्हणाली, "कुत्र्याले सवय व्हते का नाई मालूम नाई. आपल्याले व्हऊन राह्यली."

निघायच्या दिवशी किशनचा काका भाऊसिंग, टोळीचा मुकादम, वाटेत तांड्यावर थांबवलेल्या ट्रकच्या केबिनमधून हाका मारत होता. "चाल रे अर्ध्या कोयत्या!"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. टोळीत किशन एकटाच अर्धा होता.

त्यानं पायातल्या चपला काढून डांबरसमोर ठेवल्या. डांबरनं त्यावर हनुवटी टेकली. किशन अनवाणीच ट्रकमध्ये चढला आणि मागं वळून पाहिलं नाही. उज्ज्वला मात्र ट्रक वळणावर जाईपर्यंत त्याच्या तळपायांकडे बघत राहिली. मग तिनं मुद्दाम नजर काढून घेतली. तिनं केव्हाच ठरवलं होतं – कोणाच्याही अर्ध्या कोयत्याचा दुसरा अर्धा व्हायचं नाही. आईचे गुडघे उसाच्या मोळ्या वाहून गेले होते. ते तिला रोज दिसत होते.

*

बावीस कुत्री जेवली. डांबर जेवला नाही.

एक दिवस झाला, दोन झाले. भाकरी तशीच. दूधही तसंच. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा उज्ज्वलाचा धीर सुटला. पहिल्याच वर्षी आपल्याच अंगणातला कुत्रा गेला, तर कोण आपल्यावर विश्वास ठेवील? भर दुपारी तिनं किशनला फोन लावला.

"तुमी वहीत सगळं सांगतलं, मंग हा खात काहून नाई?"

"सगळं तर सांगतलं..." फोनमधून उसाच्या पाल्याची सळसळ येत होती. "तुमी कशी देता भाकर?"

"कशी म्हंजे? ताटलीत ठेवतो आन कामाले जातो."

पलीकडची सळसळ थांबली. मग किशन हळू आवाजात म्हणाला, "माह्यी चूक झाली. हे सांगाचं राह्यलं. ही सवय हाये असं वाटलंच नाई मले. आमी सोबत जेवतो. तुमच्याकडं बी तुमी फेरीवर गेल्यावर आमी दोघंच जेवत होतो. पहिला घास त्याचा, दुसरा माह्या. माय गेल्यापासून घरात आमी दोघंच होतो नं. एकट्यानं जेवत नाई तो."

उज्ज्वला जमिनीवर मांडी घालून बसली. फोनचा आवाज मोठा करून तो मधे ठेवला.

"आता मी बी जेवाले बसलो," फोन म्हणाला. "ए डांबर... घे रे."

कुत्र्याचे कान उभे राहिले. उज्ज्वलानं घास पुढं केला. डांबरनं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं... आणि घास घेतला.

"खाल्ला," ती म्हणाली.

"मंग आता दुसरा घास तुमी घ्या. नाईतर पुढचा घेनार नाई तो."

तिनं घेतला. मग किशननं, तिकडं उसाच्या फडात. मग पुन्हा डांबर.

त्या दिवसापासून दुपारी एक वाजता तिघं सोबत जेवू लागले.

"आज काय हाये?" तो विचारी.

"तुरीचं वरन."

"मले इकडं ठेचाच. डांबर, तुह्यं बरं हाये बाप्पा."

"तुमी डांबरशी बोलून राह्यले का माह्याशी?"

"त्याच्याशीच. तो तुमाले सांगते का नाई, मले मालूम नाई."

"सांगते. म्हनते, मालक लय बोलते."

"आन तू काय म्हनते?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. डांबरच्या बरगड्या भरून आल्या. एक वाजायला आला की उज्ज्वला केस नीट करू लागली, जणू फोनला डोळे होते.

रामीबाईनं एकदा कुंपणावरून विचारलंच. "पवार हाये नं तो? आपन राठोड. गोत येगळं. जमते."

"काय जमते, आजी?"

"जेवन जमते म्हनलं," रामीबाई म्हणाली आणि रूबीला सूर्य मावळायच्या आत भरवायला आत गेली.

*

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी किशनचा आवाज वेगळा होता.

"काका म्हनते, दहा दिवसाची सुट्टी घे. लगीन कर. जोडीनं ये. टोळीत अर्धा कोयता बरा दिसत नाई."

उज्ज्वलाच्या हातातला घास हातातच राहिला.

"आन तू काय म्हनते?"

"मी... मी तुले इचारून राह्यलो."

"मंग आयक. मी जोडीनं जेवीन, किशन. जोडीनं ऊस तोडाले येनार नाई. ह्या एवढ्या जिवाले कोन पाह्यनार? मी गेली तर माह्याच अंगनात आजून एक वाघ्या व्हते."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिनं लावला तर बंद. डांबर चपलेवर हनुवटी ठेवून फोनकडे बघत होता. उज्ज्वलानं त्याला घास दिला. "पहिला तुह्या," ती म्हणाली. "दुसरा माह्या." तिसरा, किशनचा घास तिनं तोडून ताटलीच्या कडेला ठेवला. डांबर पोटभर जेवला. तिला जेवण गेलं नाही.

तरी वहीतलं काम तिनं चुकवलं नाही. घरोघरच्या फेऱ्या, लसी, गोचिडांची औषधं, म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी. फक्त एक वाजता घरी यावंसं वाटेनासं झालं.

पाचव्या दिवशी, बरोबर एकाला, फोन वाजला.

"डांबर हाये का?" किशननं विचारलं.

"हाये. रुसला हाये."

"त्याले सांग, कारखान्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करनारा एक मिस्त्री हाये. चार दिवस त्याच्या मांगं फिरलो. फोन खोपटात बंद पडून होता, आन बोलाले माह्याजवळ काई नवीन बी नव्हतं. काल तो हो म्हनला. रोज सांजी शिकवनार हाये. आन काकाले सांगतलं, पुढच्या साली मी येत नाई. पुरा बी नाई, अर्धा बी नाई."

"काका काय म्हनले?"

"काका म्हनले, कुत्र्यानं पोट्टा बिघडवला."

उज्ज्वला हसली. हसता हसता डोळे पुसले. डांबरनं शेपटी जमिनीवर आपटली.

"आधी ये," ती म्हणाली. "मंग पाहू."

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कारखाने बंद झाले आणि ट्रक परतू लागले.

तांड्याच्या तोंडाशी पहिला ट्रक थांबला, तेव्हा माणसं उतरायच्या आधीच कुत्री पोचली होती. तांबू, शेरू, बिजली, लंगडा मोत्या – कोणी मालकाच्या खांद्यावर पाय टाकले, कोणी बायकांच्या लुगड्यात तोंड खुपसलं. हेमसिंग नावाचा धिप्पाड माणूस, जो निघताना "कुत्र्याची कायची वही?" म्हणून हसला होता, तो रस्त्यातच बसून आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला कुरवाळत रडत होता. उज्ज्वला वही घेऊन फिरत होती आणि एकेका नावापुढं बरोबरची खूण करत होती. रूबीची आधीच झालेली धरून बावीस खुणा झाल्या. बावीसच्या बावीस. एकही कुत्रं कमी नव्हतं. पदमचंदजी मुद्दाम बघायला आले होते. "पुढच्या वर्षी धनज गावचे लोकही तुला विचारणार आहेत," ते म्हणाले. उज्ज्वलाची मान ताठ झाली. नऊ वर्षांची एक मुलगी तिच्या आत, ट्रकच्या मागच्या फळीवर, पहिल्यांदा निवांत बसली.

किशन शेवटच्या ट्रकमधून उतरला. काळवंडलेला, दाढी वाढलेला. डांबर बाणासारखा गेला, त्याच्या छातीवर आदळला... आणि परत वळून उज्ज्वलाकडे धावत आला. मग पुन्हा त्याच्याकडे. मग पुन्हा हिच्याकडे. शेवटी दोघांच्या बरोबर मधे, भर रस्त्यात, जीभ बाहेर काढून बसला. त्याच्याकडून निकाल लागला होता.

"एक वाजला," किशन म्हणाला. "जेवाचं हाये का?"

अंगणात भाकरी होती, तुरीचं वरण होतं, आणि आज मधे फोन नव्हता. पहिला घास डांबरचा. दुसरा उज्ज्वलानं तोडला आणि... क्षणभर थांबली. मग तो किशनपुढं धरला. त्यानं तो तिच्या हातूनच घेतला. घरात हिरीबाईनं भांडं मुद्दाम जोरात आपटलं आणि हसत पाठ फिरवली.

"येतांनी शेलूबाजारच्या चौकात गाळा पाह्यला," किशन म्हणाला. "जुन्या जीपा लय बंद पडते तिथं. सोमवारी चालू करतो. तुह्यी वही दे जरा."

"काहून? बावीस पुरे झाले. तुह्याच राह्यला."

त्यानं वही गुडघ्यावर ठेवली. पहिल्याच ओळीत 'डांबर' लिहिलं होतं. शेवटचा रकाना रिकामा होता – परत कधी नेणार? किशननं पेन घेतलं, जीभ दातात धरली आणि जपून एकेक अक्षर लिहिलं.

'नेत नाही. मीच इथं राहतो. ठेवशील का?'

उज्ज्वलानं वाचलं. पुन्हा वाचलं. खाली डांबर किशनच्या नव्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपी गेला होता. आज त्याला रस्त्याकडे बघायचं नव्हतं.

तिनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीपुढं तेविसावी खूण केली.