आमच्याकडची भिंत

पडक्या घराची माती आणायला मी गाडी घेऊन गेले. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, मातीची घरं बांधण्यातच माझा जन्म गेलाय. जुन्या भिंतीची माती मुरलेली असते. भुसा घालून तुडवली की नव्या मातीपेक्षा घट्ट बसते. ते घर माझ्या नणंदेचं. तिचा नवरा गेला, मागोमाग घरही बसलं, आणि ती आमच्याकडे आली. माझ्या चुलीशी दुसरी बाई मला खपत नाही. म्हणून परसात तिच्यापुरती खोली बांधायला घेतली.

आराखडा मीच जमिनीवर काठीनं काढला. वर गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन, दार शेताकडे. आमच्या घराकडची भिंत सलग. नवऱ्यानं विचारलं, इकडे खिडकी नको का? म्हटलं, वारा येतो.

भिंत उभी राहिली. सकाळी बघते तर त्याच बाजूला भगदाड. लिंपलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ढासळलेलं नव्हे... कडा ओल्या बोटांनी गुळगुळीत केलेल्या, आणि त्याही आतून. दाराला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला.

मी नणंदेवर तुटून पडले. घरातल्या सगळ्यांसमोर म्हटलं, वन्सं, आयतं घर मिळतंय तर त्यातही खोड काढता? तिनं नुसते हात पुढे केले. बोटं सांध्यांत आखडलेली. तिला भरला तांब्याही उचलवत नव्हता. हे मला रोज दिसत होतं.

मग ती हळूच म्हणाली, "हे अंथरुणाला खिळले होते ना, तेव्हा दिवसभर खिडकीतून बघत बसायचे. त्या भिंतीची माती ही... आणि खिडकी का नाही ठेवलीस, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, वहिनी."

मला मान वर करवेना.

भगदाडाला चौकट बसवली, लाकडी झडप लावली. नणंदेला माझ्याच चुलीशी जेवायला बसवू लागले. वाटलं, मिटलं.

काल भर दुपारी ती माझ्या शेजारी डाळ निवडत होती. तिची खोली बाहेरून बंद. मी सहज तिकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. मी बघतेय हे कळताच कुणीतरी आतून झडप ओढून घेतली... सावकाश, न वाजवता. नकोसं माणूस येताना दिसलं की ओढतात तशी.

नणंदेचे हात डाळीतच होते.

"राहू दे, वहिनी," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघवत नाही म्हणतात."