तालमीत न म्हणायचं वाक्य

मॉड थर्लबीला चहा बिनसाखरेचा लागे. सिनेमात होती तेव्हा कंबर जपायची म्हणून तिनं साखर सोडली, ती सुटलीच. आता त्या कंबरेकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं, तरी तिचे पोशाख सांभाळणारी नेटी तसाच कडू चहा आणून ठेवी आणि वर टोमणा मारी, "घ्या बाई, तुमचा काढा."

स्कारबरोच्या समुद्रकाठचं ते जुनं नाटकघर. रंगपटात गॅसची शेगडी फुरफुरत असे, तरी बोटं गारठत. एके काळी लंडनमध्ये मॉडच्या नावाच्या पाट्या झळकत. तिचा घोगरा, मधाळ आवाज ऐकायला लोक एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघत. मग कामं आटली. हे नाटक मिळालं तेही जुन्या पुण्याईवर. आणि नेमकी आताच तिला वाक्यं आठवेनाशी झाली होती. हे तिनं नेटीलाही सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक गार्साइडनं एक बदली नटी आधीच तयार ठेवली होती. हे काम गेलं तर पुन्हा कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं.

एका तालमीत, दुसऱ्या अंकात, नेपथ्यातल्या खिडकीपाशी ती अडली. डोकं कोरं. तेवढ्यात उजव्या कानाशी कुणीतरी हळूच वाक्य पुरवलं. मॉडनं ते उचललं आणि पुढे गेली.

तालीम संपल्यावर ती प्रॉम्प्टिंग करणाऱ्या इनिडकडे गेली. "लाज राखलीस गं माझी."

"मी?" इनिडनं विणकाम मांडीवर ठेवलं. "मी तोंडसुद्धा उघडलं नाही, बाई. तुम्ही कुठे अडखळलात?"

इनिड बसायची डाव्या विंगेत. जिना उतरताना मॉडच्या ते लक्षात आलं. उजवीकडे ती खिडकी, तिच्यामागे रंगवलेलं आभाळ, आणि त्याला लागून विटांची भिंत. तिथे माणूस उभं राहण्याइतकी जागाच नव्हती.

मॉड असल्या गोष्टी मानणारी नव्हती. रंगपटात कुणी शिट्टी वाजवली की अपशकुन झाला म्हणून बाकीचे नट जीव मुठीत धरून बाहेर पळायचे, तेव्हा ही पोट धरून हसायची. वयानं कान वाजतात, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आवाज रोज येऊ लागला. ती अडायच्या आत शब्द हजर. हळूहळू तिनं घरी पाठांतर करणंच सोडलं. आणि एका दुपारी तिला तो आवाज ओळखू आला. घोगरा, मधाळ. ती घाबरली, चांगलीच घाबरली. पण काम टिकवायचं होतं, म्हणून गप्प बसली.

एकच वाक्य तो आवाज पुरवत नसे. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणणं अशुभ, ते थेट पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांपुढेच, हा तिथल्या नटांचा दंडक. तिथवर आलं की मॉड टेबलावरच्या दिव्यापाशी थांबे आणि गार्साइड टाळी वाजवून तालीम संपवी.

रंगीत तालमीला त्यानं टाळी वाजवली नाही.

"मॉडबाई, शेवटचं येतंय ना? नाही, उद्या माती व्हायला नको."

कुणीतरी फिसकन हसलं. बदली नटी पहिल्या रांगेत बसली होती.

मॉडच्या मस्तकात तिडीक गेली. "तू पाळण्यात होतास ना रे, तेव्हापासून पाठ करतेय मी!" ती म्हणाली, आणि खणखणीत आवाजात तिनं वाक्य टाकलं, "दिवा राहू द्या. मी अजून इथेच आहे."

इनिडच्या हातातली सुई खाली पडली. "अहो बाई, काय केलंत हे!"

आणि खिडकीमागून कुणीतरी तेच वाक्य पुटपुटलं. पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, 'अजून'वर जोर देऊन. तरुणपणी मॉड नवं वाक्य पाठ करायची ते अगदी असंच.

दुसऱ्या कुणीच तिकडे पाहिलं नाही.

पहिल्या प्रयोगाला नाटकघर तुडुंब भरलं. पहिल्या अंकात आवाज तिच्या आधी येत होता. दुसऱ्यात बरोबरीनं येऊ लागला. तिसऱ्यात तिचे ओठ नुसतेच हलत होते.

ती दिव्यापाशी आली. हे एक वाक्य तिचं होतं. कुणी न पुरवलेलं. तिनं श्वास घेतला.

"दिवा राहू द्या. मी अजून इथेच आहे."

शब्द शेवटच्या रांगेपर्यंत घुमले.

मॉडचं तोंड मिटलेलंच होतं.

टाळ्या थांबेनात. गार्साइड विंगेतून धावत आला. "काय आवाज लागलाय, मॉडबाई! अगदी तरुणपणचा!"

तिनं सांगायला तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा आला.

रंगपटात ती आरशासमोर बसली. नेटी पाठमोरी, कपडे आवरत होती. "जिंकलंत हो बाई. काढा आणू?"

मॉडनं टेबलावर हात आपटला. त्याचाही आवाज झाला नाही.

"आण," टांगलेल्या पोशाखांकडून घोगरा, मधाळ आवाज आला. "आणि आज साखर घाल गं. दोन चमचे."

"आता कशा माणसात आलात!" नेटी हसली. तिनं चहा आणला, आणि पोशाखांजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी ठेवला. आरशाकडे तिनं पाहिलं, ते तिथे कुणी बसलेलंच नसावं तसं.

मग आरशावरचा दिवा मालवायला तिनं हात पुढे केला.

मॉडनं तोंड उघडलं. वाक्य तिला येत होतं.