सेरिकच्या सात पिढ्या

अल्माटीच्या नागरिक सेवा केंद्रात सहा नंबरच्या खिडकीसमोर तोगजानचा नंबर लागला, आणि खिडकीमागच्या तरुणाला पाहून तिचं लक्ष आधी गेलं ते त्याच्या दातांकडे. वरचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढला होता. तोगजान कवळ्या बनवायची. दिवसभर सरळ, एकसारखे दात घडवणाऱ्या मुलीला असली चूक लगेच खुपते.

खुपली खरी... पण नजर काही हटेना.

“बोला,” तो म्हणाला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, अल्दियार.

“मला सूट हवी आहे. नव्या नियमातून.”

“कुठल्या?”

ती पुढे वाकली. पावसात भिजून आलेली. केसांतला एक थेंब टपकन त्याच्या कागदावर पडला. “तो... फोनमधल्या सोबत्यांचा.”

नियम साधाच होता. फोनमध्ये गोड बोलणारा जो यंत्राचा सोबती असतो, त्याने प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीला आणि पुढे दर अर्ध्या तासाला सांगायचं, मी माणूस नाही, यंत्र आहे. एकटी माणसं त्यात फार गुरफटू नयेत, एवढाच हेतू. तोगजानची अडचण मात्र जरा वेगळी होती.

“सूट नाही मिळत. कशाला हवी पण?”

“माझा सेरिक दर रविवारी माझ्या आईशी बोलतो.”

“बरं.”

“आईला वाटतं, तो माझा होणारा नवरा आहे.”

अल्दियारने पेन खाली ठेवलं.

“हसू नका हं!”

“मी कुठे हसतोय?”

“दात दिसतायत तुमचे.”

मग तिने सगळं सांगितलं. ताराझहून आई दर आठवड्याला फोनवर विचारायची, कुणी भेटला का गं? एकदा वैतागून तिने सेरिकलाच बोलायला लावलं. त्याने आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि आई विरघळली. दोन महिने सुरळीत चाललं. आता नियम आला, आणि रविवारी आई स्वतःच येत होती, जावयाच्या सात पिढ्या विचारायला.

त्यांच्याकडे सोयरिकीआधी मुलाच्या सात पूर्वजांची नावं विचारतात. सातांत एकजण जरी दोन्ही घरांत सामाईक निघाला, तर लग्न मोडलं.

“सेरिकला विचारलं, तर म्हणतो, मी यंत्र आहे, मला वडील नाहीत,” तोगजान रडवेली झाली. “आईला कळलं तर ती माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही.”

“माझी पण तसंच करते.”

“तुमची?”

अल्दियारचे कान लाल झाले. “जानेल. माझ्या फोनमधली. काल तिला म्हटलं, आज फार थकलो गं. तर म्हणते, आधी एक निवेदन...”

तोगजान इतकी खळखळून हसली की मागच्या रांगेतले आजोबा खाकरले. हसता हसताच तिला सुचलं.

“रविवारी तुम्ही व्हाल सेरिक? तासभर?”

“अहो, सरकारी नोकर आहे मी!”

“यंत्राने माणसाचं सोंग घेऊ नये, असा नियम आहे. माणसाने यंत्राचं घेऊ नये, असं कुठे लिहिलंय?”

त्याने खरंच नियमावली उघडली. पानं उलटली. “नाही लिहिलेलं,” तो गंभीरपणे म्हणाला.

तीन संध्याकाळी समोरच्या उपाहारगृहात बसून त्यांनी सात खोटी नावं घोकली. पाचव्यावर तो दरवेळी अडकायचा.

“सेरिक कधी विसरत नाही.”

“सेरिकच्या समोर बसून कुणी असं बघतं का?”

“कसं?”

“असं... जाऊ दे. पाचवा कोण म्हणालात?”

तिसऱ्या दिवशी घरी जाताना तोगजानच्या लक्षात आलं, तीन दिवसांत आपण सेरिकला हाकही मारलेली नाही.

रविवारी तोगजानच्या आई, खालिमाबाई, आल्या. त्यांनी स्वतः चहा ओतायला घेतला, पियाल्यात दोनच घोट. दोन घोट म्हणजे बसा, पुन्हा मागा. काठोकाठ भरला की समजायचं, आता निघा.

“सेरिक बाळा, गुडघ्यांना काय लावू म्हणाला होतास?”

“अं... तेल, आई?”

“कसलं?”

“गरम.”

तोगजानने डोळे मिटून घेतले. मग सात पिढ्या निघाल्या. एक, दोन, तीन, चार... आणि अल्दियार थांबला. त्याने तोगजानकडे पाहिलं, पियाला खाली ठेवला.

“मावशी, हे मी सुरुवातीलाच जाहीर करायला हवं होतं. मी सेरिक नाही. सेरिक यंत्र आहे. मी माणूस आहे... सहा नंबरच्या खिडकीतला.”

खालिमाबाईंनी चहादाणी उचलली आणि त्याचा पियाला काठोकाठ भरला.

तोगजानच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, चूक माझी आहे. तू एकटी पडलीस म्हणून दर आठवड्याला विचारायचीस, आणि मी...”

“थांब,” आई म्हणाली. नजर अल्दियारवर होती.

त्याने पियाला दोन्ही हातांनी उचलला. “निघतो मी. फक्त हा निवेपर्यंत माझे खरे सात सांगू?” आणि एका दमात म्हणाला, “मुरात, तोकेन, जुमाबाय, इस्काक, बाइमेन, कोश्कार, तिलेउ.”

खालिमाबाईंची बोटं मोजत होती. “आपल्यातला एकही नाही,” त्या पुटपुटल्या. मग मोठ्याने, “हे घडाघडा येतात, मग ते का नाही आले रे?”

“घोकताना पुढ्यात तुमची लेक बसलेली असायची.”

“हं.” त्या लेकीकडे वळल्या. “संशय मला होताच गं. दोन महिने माझ्या गुडघ्यांचं ऐकलं आणि एकदाही जांभई नाही. असा माणूस असतो होय? आज तर आवाजही वेगळा. पण तू सांगशील म्हणून वाट बघत होते.”

त्यांनी पियाला त्याच्या हातातून काढून घेतला, चहा मोरीत ओतला आणि पुन्हा दोनच घोट भरले.

“घे. आणि मावशी काय? मगाशी आई म्हणत होतास, ते बरं होतं.”

निघताना तोगजान त्याला पोचवायला जिन्यापर्यंत आली. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

“आता मला दर अर्ध्या तासाला सांगावं लागणार,” तो म्हणाला.

“काय?”

“की मी माणूस आहे. नावं विसरेन, थकेन, गुडघ्यांच्या गोष्टीत जांभईही देईन...”

“पुरावा?”

तो हसला. तो चढलेला दात दिसला.

“असा दात मी बनवला असता ना,” तोगजान हळूच म्हणाली, “तर गिऱ्हाइकाने परत पाठवला असता.”

“आणि हा?”

“हा...” ती खाली बघत म्हणाली, “मी ठेवून घेणार आहे.”