घळीतला आकडा

उद्या सकाळी गॅसच्या पाइपलाइनमधला दाब वाढवायचा होता, आणि त्याआधी तपासनीस बाईंना जंगलातली सगळी वाट पायी तुडवून सही द्यायची होती. पाइप जमिनीत गाडलेला. गंजू नये म्हणून त्याला जाड पट्टी गुंडाळलेली, शिवाय विजेचा बारीकसा प्रवाह सोडलेला. पायथ्याशी वस्ती होती. पाइप फुटला तर पहिला तडाखा तिलाच बसणार होता.

बरोबर दोघेच. खोदकाम करणारा दांडगोबा आणि बाईंचा सख्खा मामा. मामा दहा वर्षं दर महिन्याला इथे मीटर लावून तो प्रवाह मोजत होता. गोची इथेच होती. घळीत पाइपला तारेने जोडलेला मोजणीचा खांब होता, त्याच्याजवळ दहा वर्षं एकच आकडा! मामाने घरी बसूनच वह्या रंगवल्या, असं बाईंच्या मनाने घेतलं होतं.

दोन ओढे कमरेएवढ्या पाण्यातून पार केले. काट्यांनी हात सोलवटले. घळीच्या तोंडाशी मामा थबकला.

"इथे नको उतरू गं. दरड सैल झालीय."

"तू तर दर महिन्याला उतरत होतास ना?"

"म्हणूनच सांगतोय."

बाईंचा संशय आणखी बळावला. त्या उतरल्याच.

दांडगोबाने कुदळ घातली. दोन हातांवर पाइप लागला. पट्टी अखंड, साधा ओरखडा नाही. बाई वाकल्या, आणि वरची दरड सुटली! पाय गाडले गेले. कंबर गाडली गेली. मामाने त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. दांडगोबाने दुसरा हात ओढला. तिघंही चिखलात कोसळले, पण जिवंत होते. दरड घसरताना पाइप आणखी उघडा पडला होता.

धाप ओसरल्यावर बाईंनी पट्टी दाबून पाहिली. ती आत दबली. सुरी लावताच गढूळ पाणी भसकन बाहेर आलं. खाली लोखंडाला बोटाचं पेर जाईल एवढे खड्डे! पट्टी पाइपपासून केव्हाच सुटली होती, पण फाटली नव्हती. आत पाणी शिरलं, आणि गंज रोखणारा प्रवाह मात्र पट्टीच्या बाहेरच अडला.

"मीटर लाव, मामा."

मामाने मीटरची तार खांबाला जोडली, दुसऱ्या टोकाची कांडी ओल्या मातीत रोवली. तोच आकडा आला. पट्टीच्या आत काय चाललंय ते मीटरला कळतच नव्हतं.

मामा खड्ड्यांकडे बघत राहिला. "हा आकडा बघून मी निर्धास्त घरी जायचो गं."

बाईंना त्याच्या नजरेला नजर देववेना. फार लाज वाटली. त्यांनी वायरलेस उचलला आणि दाब वाढवू नका, लाइन बंद करा, असं कळवलं.

"मग जुन्या नोंदी खोट्या होत्या का?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. खऱ्या होत्या. आकडा चांगला असूनही आत गंज चढलाय, म्हणूनच आता सगळी वाट उकरावी लागेल."