हद्दीखालचा कोळसा

हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा पुरायचा, हे मी अमळनेरला एका जुन्या मोजणीदाराकडून शिकलो. कोळसा कुजत नाही. कोणी दगड सरकवला तरी कोळसा जागेवरच राहतो आणि लबाडी उघडी पडते. मी त्यात एक भर घातली होती, औषधाच्या बाटलीत माझ्या सहीची चिठ्ठी. माणसांवर विश्वास ठेवायचा असता तर मोजपट्टी कशाला लागली असती?

शहाण्णवच्या जानेवारीत उधन्याजवळ खाडीकाठच्या वस्तीतून रुंद रस्ता आखायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. हद्दीच्या आत येईल ते घर पाडायचं होतं. पत्र्याची घरं, लूमचा खडखडाट, भरतीबरोबर वर येणारा रंगाच्या पाण्याचा वास. हद्द मंगलाबाईच्या दारासमोरून जात होती. बाई धुळ्याकडची, विधवा, साड्यांना लेस लावून पोट भरणारी. दगड तिच्या उंबऱ्यापासून तीन मीटर दहावर आला. तिचं घर वाचलं होतं.

मी तिच्याकडे चुलीतला कोळसा मागितला. 

"चूलना कोळसा दगडखाले पुरतस का भाऊ?"

"रीतच आहे," मी म्हणालो. तिने दिला. घर वाचल्याच्या आनंदात तिने चहाही दिला.

दुसऱ्या सकाळी अंतर भरलं दोन साठ.

पट्टी धरणारा माझा मदतनीस दगा याने पट्टी पुन्हा लावली. पाण्याच्या टाकीपासून ताडून पाहिलं. सरकला होता तो दगडच. मला समोरच्या किराणावाल्या बन्सीलालचा संशय आला. हद्द मंगलाबाईच्या घराकडे सरकली तर रस्ताही तिकडे सरकून त्याचं दुकान सुटणार होतं.

"आपल्याला काय" म्हणावं तसे खांदे उडवून तो म्हणाला, "साहेब, मला कशाला विचारता? मी तर दगडाला हात पण नाय लावला."

तिसऱ्या दिवशी एक नव्वद. आता संशय दगावर गेला. कुंपणच शेत खात असेल तर? बारा वर्षं सोबत काम केलेल्या माणसाला मी तोंडावर विचारलं. त्याने पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी दगड ओट्याला टेकला होता.

मी मंगलाबाईसमोरच खणायला घेतलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? खाली कोळसा नसणार, आणि मी ठेकेदाराला लबाडी दाखवून देणार.

माती घट्ट होती. तिच्यात गवताची मुळं उतरलेली होती.

त्याखाली कोळसा होता. बाटली होती. चिठ्ठीवर सही माझीच.

"तुमीच मोजं व्हतं ना भाऊ?" ती हळूच म्हणाली. "तीन मीटर सांगं व्हतं तुमी."

माझ्या वहीत तीन दहा होतं. माझ्या पुराव्याप्रमाणे दगड हललाच नव्हता. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. मी तिथेच, तिच्या ओट्यावर बसून, वहीतला आकडा खोडला आणि नवा लिहिला; ओटा हद्दीत आला म्हणजे घरही गेलं. मला माहीत होतं, मी खरा आकडा खोडतोय. तरी खोडला.

मार्चमध्ये घर पाडलं. तिने फक्त चूल उचलून नेली. कुठे गेली, कळलं नाही. खडी पडली, डांबर पडलं, दगड त्याखाली गाडला गेला.

डिंडोलीला मी तेव्हा नुकतंच घर बांधलं होतं, अजून तिथेच राहतो. काल सकाळी कामावर निघालो तर दारासमोर एक दगड. त्यावर हळदकुंकू.

"पहाटेच दिसला," उज्ज्वला, माझी बायको, म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच रोवला."

मी कुदळ घेतली. माती घट्ट होती.

बाटली होती. सही माझी.

कोळशाला हात लावला. तो गरम होता.

पट्टीचं एक टोक उज्ज्वलाला उंबऱ्यावर धरायला सांगितलं. तिने कशासाठी ते विचारलं, मी पट्टी ताणली. तीन मीटर दहा.

आज दोन साठ भरलं.