पोरकी नोंद

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथूनच मागे फिरावं, माझा आग्रह नाही. घडली ती माझ्या धाकट्या सुनेच्या बाबतीत, आणि त्या पोरीला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली तर चेहराच चुगली करतो.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

भर दुपार होती.

शनिवार, म्हणून ऑफिसातले सगळे अर्ध्या दिवसाने पसार झालेले. तिसऱ्या मजल्यावर ही एकटीच. काम अडलं होतं.

काम काय, तर मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांत लाखो वस्तू दिसतात ना, त्यांची माहिती सांभाळायची. रंग, माप, कापड, फोटो. सगळं एका जागी नीट लावायचं आणि तिथून दुकानांना पाठवायचं. त्यात एक स्वेटर म्हणजे आई. त्याचा लाल, निळा, लहान, मोठा ही तिची लेकरं. ऑफिसात बोलतातच तसं. ज्या लेकराला आई जोडलेली नसते, ती पोरकी नोंद. अशी एक जरी राहिली, तरी दुकान सगळी माहिती तोंडावर फेकतं.

त्या दिवशी एक राहिली होती.

लहान मुलाचा स्वेटर. माप, दोन वर्षं. रंगाची जागा रिकामी. फोटोची जागा रिकामी. आईची जागा... रिकामी.

तिने ती नोंद काढून टाकली. माहिती पाठवली.

परत आली. ‘एक नोंद पोरकी आहे.’

पुन्हा काढली. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच.

सकाळपासून हाच खेळ. दुकानाच्या मदतकेंद्राला फोन लावला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, “तुमचा फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.” आणि वाजंत्री सुरू. अगं, महत्त्वाचा आहे तर उचल की!

शेवटी साहेबांचा फोन आला.

“अजून गेलं नाही?”

“सर, ती नोंद मी टाकलेली नाही. कोणी टाकली तेही दिसत नाही.”

“मग काय आभाळातून पडली? संध्याकाळपर्यंत माहिती पोचली नाही, तर सोमवारी येऊ नकोस.”

ही नोकरी तिने फुकट मिळवलेली नाही. सासऱ्यांच्या आजारपणात घरी बसली, मग दारोदार नकार पचवले, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली. साध्या स्वेटरापायी ती जाणार होती.

तेवढ्यात मीच फोन केला.

“जेवण झाकून ठेवू का मांजराला घालू?”

“आई, प्लीज. डोकं उठलंय माझं.”

“मग ऑफिसात पोरं कशाला गोळा केलीस?”

“कुठली पोरं? मी एकटीच आहे.”

“मग नाक कोण ओढतंय गं?”

तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

मला अगदी साफ ऐकू येत होतं. सर्दी झालेलं पोर ओढतं तसं. फोनच्या अगदी जवळ...

तिला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. वर घरघरणारं थंड हवेचं यंत्रसुद्धा नाही. ते कधी बंद पडलं, तिला कळलंच नव्हतं.

“टीव्हीचा आवाज असेल तुमच्याकडचा,” म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्याकडे टीव्ही बंद होता.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आईची जागा रिकामी. तिथे टाइप करायची उभी रेघ उघडझाप करत होती. कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

आणि तिचा संयम सुटला.

“आई पाहिजे ना तुला? घे!”

त्या जागेत नंबरच लागतो. तिने स्वतःचा कामगार नंबर ठोकला. खरं तर चालायलाच नको होता. तो माणसाचा नंबर, मालाचा नव्हे.

चाललं.

पहिल्या फटक्यात माहिती गेली. दुकानाने घेतली. साहेबांचा निरोप आला, ‘शाबास.’

तिने कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली, ऑफिसातल्या गारठ्यासाठी घातलेला कोट अंगावर तसाच ठेवून निघाली.

दोन पावलं गेली असेल... कोट मागे ओढला गेला.

खुर्चीत अडकला असेल म्हणून तिने वळून पाहिलं.

खुर्ची लांब होती.

कोट खालून ओढला गेला होता. गुडघ्याच्या जरा वरून.

घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, ताटावर बसून, घास न घेता.

सोमवारी तिने ती नोंद उघडली. नंबर काढायचा होता. पण रंगाच्या रिकाम्या जागेत आता काहीतरी होतं.

‘आईच्या कोटाचा.’

हे तिने लिहिलेलं नाही. माझी सून मरून जाईल, पण असली थट्टा करणार नाही.

नंबर काढला की सगळी माहिती परत येते. ठेवला की सगळं सुरळीत. साहेब खूश आहेत, तिला बढती मिळाली आहे. आणि आमच्या घरात पेढे वाटायचं कुणाला सुचलं नाही.

परवा माप बदललं. तीन वर्षं.

मी सरळ सांगितलं, “खड्ड्यात गेली नोकरी. उद्याच राजीनामा दे. तुझ्या पगाराशिवाय आमचं काही अडत नाही, आणि नोकरीशिवाय तुझंही अडणार नाही.”

ती ओटा पुसत राहिली.

मग हळूच म्हणाली, “आई, नोकरी सोडली की माझा नंबर बंद होईल.”

“होऊ दे!”

“नंबर बंद झाला की ते पुन्हा पोरकं होईल.”

“मग?”

“मग ते मला शोधत कुठे येईल?”

आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. दार उघडं होतं. मी उठून लावलं.

तेव्हापासून तिला नोकरी सोड म्हणायची माझी हिंमत झालेली नाही. आणि स्वयंपाकघराचं दार आता मी दिवसाढवळ्याही उघडं ठेवत नाही.